कोड्यांची वही: आकडे टोकाला नेऊन पाहताना

या पावसाळ्यात वहीत नवी कोडी फारशी चढली नाहीत, जुन्यांवरच बसलो. गणित बरोबर दिसतं पण मन मानत नाही, अशा कोड्यांवर एकच उपाय करून बघतोय: त्यातला आकडा पार टोकाला न्यायचा.

दोरीचं कोडं तुम्हाला ठाऊक असेलच. विषुववृत्ताभोवती घट्ट बसलेली दोरी फक्त १ मीटरने वाढवली, तर ती सगळीकडे सारखी किती उचलली जाईल? सुमारे १६ सेंटिमीटर. ४०,००० किलोमीटरमध्ये एका मीटरची काय मातब्बरी, असं वाटतं. आता गोळा लहान करत न्या: नारळ, सुपारी, मोहरी, शेवटी नुसता बिंदू. बिंदूभोवतीची दोरी शून्य. वाढवलेला १ मीटर तेवढा उरला, त्याचं वर्तुळ केलं की त्रिज्या तीच १६ सेंटिमीटर! मला हे सूत्राहून सुंदर वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तीन दारांच्या कोड्यावर. स्टीव्ह सेल्विन यांनी ते १९७५ मध्ये मांडलं, १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या सदरातून ते गाजलं. आम्ही पडवीत करवंट्यांवर खेळतो. तीन करवंट्या, एकीखाली काजूबी. मी एक धरतो. बी कुठे आहे हे माहीत असलेला भाचा उरलेल्या दोनांतली एक रिकामी उलटून दाखवतो. आता मी करवंटी बदलावी का? बदलावी, जिंकण्याची शक्यता १/३ वरून २/३ होते. भाच्याला हे पटेना. म्हटलं, अंगणात १०० करवंट्या मांडल्यात असं धर. मी एक धरली, तू ९८ रिकाम्या उलटल्यास आणि एकच सोडलीस. का सोडलीस? “मामा, बी तिथेच असणार ना!”

पण खरी गंमत पुढे आहे. भाच्याला बी कुठे आहे ते ठाऊकच नसेल, त्याने डोळे मिटून एक उलटली आणि ती योगायोगाने रिकामी निघाली, तर? मग दोन्ही करवंट्या निम्म्या-निम्म्या. समोरचं दृश्य तंतोतंत तेच, उत्तर मात्र वेगळं. कोडं सांगताना “त्याला माहीत आहे” हे शब्द गाळू नका, सगळा जीव त्यातच आहे.

होडीचं कोडं: संथ पाण्यात ताशी १० किलोमीटर जाणारी होडी १५ किलोमीटर जाऊन परत येते, ३ तासांत. ताशी ५ किलोमीटरचा प्रवाह असला तर जाताना फायदा, येताना तोटा, फिट्टंफाट? नाही. जाताना १ तास, येताना ३, म्हणजे ४. प्रवाह ताशी १० करा, होडी परत येतच नाही. दाभोळ खाडीतल्या एका ओळखीच्या तांडेलाला हे विचारलं, तर तो म्हणाला, “उलट्या पाण्याला येतंय कोण? भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर बाहेर.” त्याच्या हिशोबाने थांबण्याचा वेळ सोडून २ तास. तेव्हा प्रवाहाची दिशा बदलत नाही, ही अट मी वहीत ठळक लिहून ठेवली आहे.

वाढदिवसाचं कोडं या उपायाला दाद देत नाही. २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे पटायला जोड्याच मोजाव्या लागतात: २५३.

सध्या गाडं अडलंय वॉल्टर पेनी यांच्या १९६९ च्या नाण्याच्या खेळावर. दोघांनी तीन-तीन फेकींचा क्रम निवडायचा, ज्याचा आधी येईल तो जिंकला. छापा-छापा-छापा विरुद्ध काटा-छापा-छापा घेतलं, तर दुसरा ८ पैकी ७ वेळा जिंकतो. सुरुवातीलाच तीन छापे पडले नाहीत, तर त्यांच्याआधी काटा येणारच. इथवर ठीक. पण कोणताही क्रम घ्या, त्याला मात देणारा दुसरा असतोच. दोन फेकींच्या खेळात असं होत नाही. तिथे छापा-काटा या क्रमावर कुणीच मात करत नाही. तीनला असं काय बदलतं, हे भाच्याला पटेल इतक्या सोप्या भाषेत कुणी मांडलं असेल तर जरूर कळवा.