ॲमस्टरडॅम ते लंडन: तिकिटावरची वीस मिनिटं

"अगं, जायला वीस मिनिटं आणि यायला दोन तास वीस मिनिटं? असं कसं?" सांगलीहून आईचा फोन. ताईकडे लंडनला जायचं माझं तिकीट मी आईला पाठवलं होतं. इथून, ॲमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावरून सकाळी 9 ला निघून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 9:20. परतताना संध्याकाळी 6 ला निघून 8:20.

प्रवास दोन्ही वेळेस एक तास वीस मिनिटांचाच. लंडनचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास मागे, आणि तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये इथे घड्याळं पुढेमागे करतात, पण दोन्ही देशांत एकाच वेळी. त्यामुळे हा फरक बारा महिने तेवढाच.

आईला हे पटलं. "मग अंतर किती?" सरळ रेषेत सुमारे 370 किलोमीटर, मुंबई-गोव्याहूनही कमी! विमान हवेत असतं जेमतेम पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. बाकीचा वेळ जमिनीवर आणि उतरायची वाट बघण्यात जातो.

शिफोलला 'पोल्डरबान' नावाची धावपट्टी आहे. 2003 साली सुरू झाली. वस्तीला विमानांचा आवाज कमी यावा म्हणून ती मुद्दाम टर्मिनलपासून दूर बांधली. उड्डाण तिथून असेल तर विमान पंधरा-एक मिनिटं नुसतं जमिनीवरून चालत राहतं. वाटेत हायवेवरचा पूल लागतो. आपण विमानात बसून पुलावरून जातो आणि खालून मोटारी धावत असतात. मला खिडकीची जागा हवी असते ती यासाठीच.

पलीकडे हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, आणि गर्दी प्रचंड. उतरायची पाळी येईपर्यंत विमानं ठरलेल्या चार ठिकाणी आकाशात घिरट्या घालतात, एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने. आमच्या बाजूने येणारी बहुधा लंडनच्या ईशान्येला, लॅम्बर्नवर. एक फेरी साधारण चार मिनिटांची. दोन-तीन फेऱ्या झाल्या की दहा मिनिटं गेलीच. वेळापत्रकात याची तजवीज आधीच केलेली असते.

युरोप फिरायला येणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगते, अंतर कमी दिसलं म्हणून सहज लंडनचा बेत करू नका. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसावर, ब्रिटनमध्ये जाता येत नाही, तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि लंडनहून पुन्हा युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे घरूनच बघून निघा. परतीचं विमान ॲमस्टरडॅमहून असेल तर याचा फार मोठा घोळ होतो.

हीथ्रोला उतरल्यावर पासपोर्टची रांग असतेच. ताई पूर्वी विमान टेकलं की कुकर लावायची आणि भात गार व्हायचा. आता मी रांगेतून सुटले की तिला फोन करते, मग ती तांदूळ धुवायला घेते.