पुढून ओढणारी गाडी, सोलापूरचे रस्ते आणि सस्पेन्शनचा क्रम

फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी किंवा स्कोडाची स्लाव्हिया १.५, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना देणारी सेडान, कंपनीतूनच १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर घेऊन येते. वर रिमॅप मारला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तीन दुखणी दिसतात: वळताना आतलं चाक जागेवर फिरतं, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं आणि पुढची चाकं थडथड उड्या मारतात. यावर बहुतेक जण पहिल्यांदा लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणारी आखूड स्प्रिंग) मागवतात. तिथंच क्रम चुकतो.

ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकतं, नाक उठतं आणि ज्या चाकांनी गाडी ओढायची तीच हलकी होतात. म्हणून अशा गाडीत पुढच्या चाकाला खालीवर व्हायला जागा हवी, ते रस्त्याला चिकटून राहायला हवं. कडकपणा वाढवायचाच असेल तर तो मागे.

आपल्याकडे सोलापुरात हे जास्तच लागू होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या चाकोऱ्या पाडतात त्या वेगळ्याच. हैदराबाद हायवेवर मऊ वाटणारी गाडी अक्कलकोट-पंढरपूरकडच्या आतल्या रस्त्यावर नेली की खरं सस्पेन्शन कळतं.

सुरुवात टायरपासून करा. झिजलेल्या किंवा पाच-सहा वर्षं उन्हात कडक झालेल्या रबरावर कुठलाही शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) पकड आणून देत नाही. आणि रुंद दिसावी म्हणून स्पेसर (चाकामागे बसवायची जाड चकती) किंवा कमी ऑफसेटचे, म्हणजे चाक बाहेर काढणारे, अलॉय लावू नका. चाक बाहेर गेलं की स्टिअरिंगचा फिरण्याचा अक्ष आणि टायरचा मध्य यातलं अंतर वाढतं, इंजिनची ओढ तेवढी जास्त ताकदीने स्टिअरिंग वळवते. स्टिअरिंग ओढण्याची निम्मी तक्रार लोक अशी स्वतःच विकत घेतात.

त्यानंतर बुश, म्हणजे सांध्यातले रबराचे तुकडे. लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) मागचा मोठा बुश सगळ्यात महत्त्वाचा. गॅस दिला की आर्म पुढे ओढला जातो, ब्रेक मारला की मागे ढकलला जातो. रबर ढिलं असेल तर दर वेळी चाकाची दिशा थोडी बदलते. चाक पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं, आणि त्याच उड्या आपल्याला जाणवतात. तपासायला टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म पुढे-मागे ढकला. रबरात चीर दिसली किंवा आर्म सहज सरकला तर बुश बदला. आपला मे महिना ४२ अंशांच्या वर जातो, रबर इथं लवकर वाळतं. रोजच्या गाडीला नवा ओरिजिनल बुश किंवा थोडा कडक रबराचा पुरे. पॉलियुरेथेन चालतो, पण आपल्या धुळीत ग्रीस सुकलं की कुरकुरतो. सोबत इंजिनचं खालचं माउंटिंग पाहा. इंजिन पुढे-मागे डुललं की उड्या वाढतात. तिथं कडक इन्सर्ट बसवला तर फरक मोठा पडतो, मात्र उभ्या गाडीत थरथर वाढते हे आधी मान्य करा.

आता शॉकअप. उंची तीच ठेवायची असेल तर बिल्स्टीन बी६, खाली केलेल्या गाडीसाठी आखूड रॉडचा बी८. ही अदलाबदल करू नका. ॲडजस्टेबल घेतला तर रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा विरोध) फार कडक ठेवण्याचा मोह आवरा. लाटांच्या रस्त्यावर शॉकअप वेळेत उघडत नाही, चाक प्रत्येक लाटेला आणखी आत बसत जातं आणि शेवटी गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकणाऱ्या रबरावर, येते. वळणात पुढचा बंप स्टॉप लागला की नाक सरळ बाहेर पळतं.

खाली करायचीच असेल तर २० ते २५ मिलिमीटर, त्यापेक्षा जास्त नको. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली पुढची रचना) लोअर आर्म बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेला असतो. गाडी फार बसवली की तो आडवा होतो, मग उलटा. त्यामुळे गाडीचा रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) तिच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे बुटकी दिसणारी गाडी वळणात उलट जास्त झुकायला बघते. ते लपवायला मग आणखी कडक स्प्रिंग, आणि पकड आणखी कमी.

फिटिंगमध्ये एक चूक इतक्यांदा होते की तिच्यावर थांबायलाच हवं. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घेऊन लिहून ठेवा. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना कसले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट आधी हाताने लावा, आर्मखाली जॅक देऊन लिहिलेलं माप येईपर्यंत उचला (गाडी खाली केली असेल तर नवं माप), आणि मगच टॉर्क पान्याने कसा. एकदाच वापरायचे बोल्ट नवे घ्या. स्ट्रटच्या मधल्या नटाला स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय हात लावू नका, जीवावर बेतेल. तो नट कसताना रॉड ॲलन कीने धरा. इम्पॅक्ट गनने रॉड गरगर फिरला की सील खराब होतं. टॉप माउंट आणि बेअरिंग याच वेळी नवं टाका, पुन्हा खोलायची मजुरी वाचते.

पुढचा अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) जाड करू नका. वळणात आतलं चाक उचललं जाईल आणि साध्या डिफरन्शियलमधून (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) सगळी ताकद त्याच चाकातून वाया जाईल. मागच्या ट्विस्ट बीमला (मागची दोन चाकं जोडणारी आडवी तुळई) लावायचा बार मिळतो. त्याने मागची बाजू वळते, नाक बाहेर पळणं कमी होतं. पण सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरुवात करा. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर तेल आणि धूळ एकत्र तरंगतात. तेव्हा वळणात अचानक गॅस सोडला तर कडक मागची बाजू निसटते.

शेवटी अलाइनमेंट, तेही इंधन अर्धी टाकी आणि टायरचा दाब बरोबर असताना. रोजच्या गाडीला पुढचा कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकणं) उणे १ ते १.५ अंश पुरतो. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळली आहेत ते, शून्य किंवा कंपनीच्या आकड्यात. टो-आउटने (टोकं बाहेर) गाडी चपळ वाटते, पण चाकोरीत ती इकडेतिकडे हुंगत जाते आणि टायरची आतली कड खाऊन टाकते. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणून ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट, उंचीची मापं आणि टो पुन्हा एकदा तपासून घ्या.