मुरलेली कॅबर्ने, शिजलेली कॅबर्ने

कॅबर्ने सोविन्यों या काळ्या द्राक्षाच्या नव्या रेड वाइनची बाटली मराठवाड्यात दोन ठिकाणी बिघडते. एक पेल्यात, दुसरं कपाटात.

पेल्यात बिघडते, कारण ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची’ हे वाक्य आपण जसंच्या तसं उचललंय. ते वाक्य जिथलं, तिथली खोली १७-१८ अंशांची. परभणीत एप्रिलच्या रात्री दहा वाजताही खोली ३३-३४ वर असते. त्या तापमानाला ओतलेल्या वाइनमधून अल्कोहोलची वाफच आधी नाकात शिरते, फळाचा वास मागं राहतो आणि घशात नुसती आग. मग ‘लई स्ट्राँग आहे’ म्हणून पेला बाजूला. स्ट्राँग नसते, गरम असते.

बाटली १५-१६ अंशांवर आणून ओतावी. पेल्यात ती बघता बघता दोन अंश चढतेच. खोलीच्या उन्हाळी तापमानावरून इथवर यायला फ्रिजमध्ये दीड-दोन तास जातात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ आणि १५-२० मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली खुपसून उपयोग नाही, खड्यांमध्ये हवा राहते आणि काच नीट गार होत नाही. मात्र १० अंशांच्या खाली नेली की वास मिटतो आणि तोंडात फक्त तुरटपणा उरतो.

पेला पोट मोठं, तोंड निमुळतं असा हवा आणि त्यात ७५ मिली, जास्त नको. पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कोवळी कॅबर्ने मध्यभागी शाईसारखी गडद आणि काठाला जांभळट दिसते. काठ विटकरीकडं झुकायला लागला की ती वयात आली. लेबलवर दोनच वर्षांपूर्वीचं साल असताना काठ विटकरी दिसला, तर वाटेत कुठंतरी तिला ऊन लागलंय.

वासाच्या बाबतीत पुस्तकं ब्लॅककरंट सांगतात. ते फळ इथं कुणी खाल्लंय? आपल्यासाठी पिकलेलं जांभूळ, करवंद, तुती ही जवळची ओळख. त्याच्या मागून कापलेल्या ढोबळ्या मिरचीचा वास आला तर दचकू नका, तो घराण्यातलाच आहे. कॅबर्ने सोविन्यों म्हणजे कॅबर्ने फ्रां आणि सोविन्यों ब्लां या द्राक्षजातींची संतती, हे १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं. त्या मिरचीच्या वासाचं द्रव्य, पायराझिन, दोन्ही आईबापांत असतं. घड पिकताना ते कमी होत जातं. पानांच्या दाट सावलीत राहिलेल्या किंवा लवकर तोडलेल्या घडात ते जास्त उरतं. चिमूटभर असेल तर रुबाब, बाकी सगळं झाकून टाकत असेल तर माल कच्चा.

महाराष्ट्रात हा कच्चेपणा जरा फसवा असतो. फ्रान्समधल्या बोर्दोत द्राक्ष गार होत जाणाऱ्या हवेत पिकतं. आपल्याकडं गोडी छाटणी (घड धरायची छाटणी) ऑक्टोबरच्या आसपास आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे घड पिकतो चढत्या उन्हात. साखर भराभर वाढते, आम्लता उतरते, साल आणि बी मात्र मागं रेंगाळतात. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, चढला म्हणजे घड सगळ्या अंगानं तयार झाला असं नव्हे, हे जालन्याच्या कडवंचीतल्या खायच्या द्राक्षाच्या बागायतदारालाही वेगळं सांगावं लागत नाही.

आता टॅनिन, म्हणजे साल आणि बियांतलं तुरट द्रव्य. कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड, गराच्या मानानं बिया जास्त, म्हणून टॅनिन भरपूर. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, तोंडातला गुळगुळीतपणा जातो आणि हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. आपल्या भाषेत त्याला ‘तुरट’ हा स्वतंत्र शब्द आहे, ही मोठी सोय. कडू आणि तुरट यांची गल्लत करायची नाही. कडू जिभेच्या मागच्या भागात रेंगाळतं, तुरट ओठांच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर बसतं. पिकलेलं टॅनिन मखमलीसारखं तुरट लागतं. हिरवं टॅनिन खरखरीत लागतं आणि मागं कडवटपणा ठेवून जातं. तो कडवटपणा कितीही वर्षं ठेवली तरी सहसा जात नाही.

जीभ तयार करायला वाइनच लागते असं नाही. कोरा चहा तीन कपांत घ्या. एकात पत्ती दोन मिनिटं, दुसऱ्या दोहोंत दहा मिनिटं. दुसरा कप तसाच प्या, मग त्यात लिंबू पिळून प्या. टॅनिन तेवढंच असतं, पण आंबटाच्या साथीनं ते जास्त बोचतं. तिसऱ्यात दोन चमचे साईचं दूध घाला. दुधातलं प्रथिन टॅनिनला आधीच धरतं, तोंडाला ते उरतच नाही. तुरट वाइनबरोबर मटण किंवा चीज का जमतं, याचं उत्तर त्या तिसऱ्या कपात आहे. संभाजीनगरचा नान खलिया याच कारणानं चालतो, पण तिखट हात आखडून केलेला. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा किंवा येसराची आमटी शेजारी ठेवली तर तिखट, अल्कोहोल आणि टॅनिन तिघं मिळून जीभ भाजतात. त्या जेवणाला ताकच बरं.

घोट घेतल्यावर चार गोष्टी बघायच्या. फळ किती दाट आहे, जबड्याच्या कडेला लाळ सुटते का (तीच आम्लता), टॅनिन पिकलंय का, आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते. मनात आकडे मोजा. पाच-सहाला संपली तर यंदाच प्या. पंधराच्या पुढं गेली आणि शेवटी फळ उरलं, नुसतं लाकूड किंवा कडवटपणा नाही, तर ठेवायचा विचार करायला हरकत नाही. ओक पिंपातला व्हॅनिला, लवंग, नारळ कोवळ्या वाइनमध्ये वर तरंगतो, तो पुढं मिसळतो. पण खाली फळच नसेल तर मिसळणार कशात?

खात्री करायला तीन दिवसांची चाचणी करावी. पहिल्या दिवशी निम्मी बाटली वापरून उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी योग्य तापमानाला आणून चाखायची. तिसऱ्या दिवशीही फळ जागेवर आणि टॅनिन मऊ असेल तर तिच्यात दम आहे. दुसऱ्याच दिवशी शिळ्या सफरचंदासारखा वास आला तर ठेवण्यात अर्थ नाही. चाचणी ढोबळ आहे, कारण बाटलीत मुरताना हवा फार थोडी लागते. पण दुकानदाराच्या शब्दापेक्षा भरवशाची. आपल्याकडच्या बहुतेक कॅबर्ने तीन ते पाच वर्षांत प्यायलेल्याच चांगल्या.

आता कपाट. मुरताना टॅनिन आणि रंगाचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या होतात, काही जड होऊन गाळात बसतात, तुरटपणा मऊ होतो, ताज्या फळाच्या जागी सुकं फळ, तंबाखू, चामडं असे वास येतात. हे १२ ते १४ अंशांवर सावकाश व्हायला हवं. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, आणि सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून उष्णतेत वाइन लवकर मुरत नाही, ती शिजते. वास जॅमसारखा, चव सपाट.

शिवाय साधा हिशोब आहे. ७५० मिली वाइन २० वरून ४० अंशांवर गेली की साधारण चार-पाच मिलीनं फुगते. बुचाखालची रिकामी जागा असते जेमतेम तेवढीच. मग बूच वर सरकतं, रात्री बाटली गार होताना हवा आत ओढली जाते. बूच वर आलेलं, कॅप्सूलखाली (बुचावरच्या वेष्टनाखाली) चिकट ओघळ, हे दिसलं की ती बाटली मुरवायच्या यादीतून बाद. माळा आणि पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं लोखंडी कपाट, या दोन्ही जागा मे महिन्यात भट्टीच.

‘आमच्या वाड्याला तळघर आहे’ असं सांगणारे भेटतात. जमिनीखाली तीन-चार मीटरवर तापमान वर्षभर फारसं हलत नाही हे खरं, पण ते त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. फ्रान्समध्ये ती सरासरी १२-१३ आहे, आपल्याकडं २६ च्या घरात. पेवात ज्वारी राहायची, वाइन वर्षभर राहील, पाच वर्षं नाही.

उरतं यंत्र. कॉम्प्रेसर नसलेला थर्मोइलेक्ट्रिक वाइन कूलर घेऊ नका. तो खोलीपेक्षा १२-१५ अंशच खाली जातो, म्हणजे खोली ४० ला असताना आत २५-२८. कॉम्प्रेसरच्या फ्रिजवरही मागचा स्टिकर वाचा. क्लायमेट क्लास ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतची खोली, ‘एसटी’ ३८, ‘टी’ ४३. आपल्याला ‘टी’ लागतो. स्वस्त मार्ग म्हणजे जुना घरगुती फ्रिज आणि बाहेरचा डिजिटल थर्मोस्टॅट. १३ अंश, फरक २ अंश, कॉम्प्रेसरला किमान तीन मिनिटांचा विलंब. सेन्सर हवेत लोंबता ठेवू नका, पाणी भरलेल्या बाटलीला चिकटवा, नाहीतर दार उघडलं की कॉम्प्रेसर सुरू. रिकाम्या जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरल्या की लाइट गेल्यावर गारवा जास्त टिकतो. व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर. बुचाच्या बाटल्या आडव्या, फ्रिजमध्ये ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. स्क्रू कॅपला उभं-आडवं सारखंच.

नाशिकहून आणायची तर डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतली दोन तासांची एक विश्रांतीही बाटलीला पुरते.

ठेवायच्याच तर एकाच सालच्या सहा घ्याव्यात आणि दर दहा-बारा महिन्यांनी एक उघडावी. उघडलेली मागच्यापेक्षा उतरती वाटली की उरलेल्या त्याच हिवाळ्यात संपवायच्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, हवा देऊन जात नाही. कुजक्या अंड्याचा असेल तर तासभर डिकँटरमध्ये (रुंद पोटाच्या काचेच्या सुरईत) ठेवा, बहुधा जातो. नेलपॉलिश-व्हिनेगरचा असेल तर ओतून द्या.

पाच वर्षं राहिलेली बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवावी, गाळ बुडाशी बसतो. मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून एकाच धारेत डिकँटरमध्ये ओतायची आणि खांद्याशी काळी रेघ दिसली की थांबायचं. कोवळ्या कॅबर्नेला इथं दोन तास हवा चालते, हिला वीस मिनिटांच्या वर देऊ नका.