दादाची गाडी

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन चार दिवस झाले, मखराच्या काठ्या माळ्यावर गेल्या, उरलेल्या करंज्याही संपल्या, आणि तरीही वन्संना दिलेले एक उत्तर शेंगदाण्याच्या सालीसारखे माझ्या घशात चिकटून बसले आहे.

त्यांनी विचारले ते अगदी सहज होते. जेवणे आटोपल्यावर काचेच्या कपाटासमोर उभ्या राहून, पदराने चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "अगं, ही एवढी लांबोडकी गाडी कुणाची?" आणि ड्रॅगस्टरची, म्हणजे सरळ पट्टीवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीची, पंचविसाव्या हिश्श्याची जी प्लास्टिकची प्रतिकृती जोडत मी संक्रांतीपासून मान मोडून बसले होते, तिच्याबद्दल मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "ती होय, ती दादाची." वन्सं "अस्सं" एवढेच म्हणाल्या आणि विडा घ्यायला वळल्या. काल त्यांचा फोन आला. दादाचीच आहे, तर धूळ खात कशाला ठेवायची; पुढच्या रविवारी मुन्नूला घेऊन येतो आहोत, त्याला खेळायला देऊन टाक.

मी असे का म्हणाले असेन?

किटचा, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा, खोका दादाचा होता, एवढे मात्र खरे. रामबागेतले घर रिकामे करताना तो माळ्यावर सापडला, आणि उघडून पाहते तो रबरी टायर इतकी वर्षे प्लास्टिकला टेकून राहिल्यामुळे चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, तुकड्यात वितळून रुतलेले. जुन्या किटांचे असे होते. टायरमधले तेलकट द्रव्य बाहेर येऊन प्लास्टिक खाते. दादाने खोका कधी उघडलाच नव्हता. त्याबद्दल आज लिहीत नाही. नवे किट मी माझ्या पैशांनी मागवले, आणि दादाचे म्हणावे असे या गाडीत फक्त मागचे, गाडी थांबवायच्या पॅराशूटचे बोचके आहे, नखाएवढे.

ज्याला यातले कळते, त्याला माझे खोटे एका नजरेत कळले असते. दादाच्या खोक्यातल्या गाडीचे इंजिन पुढे आणि चालक मागच्या चाकांच्याही मागे, अशी जुनी ठेवण होती. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स या शर्यतीच्या पट्टीवर डॉन गार्लिट्स या शर्यतपटूंच्या तशाच गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन पाठीमागे टाकलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये पोमोनाची शर्यत जिंकून दाखवली. मग हळूहळू सगळ्यांनीच इंजिन मागे नेले. माझी गाडी या नंतरच्या घडणीची आहे. शिवाय ती गुलाबी आहे.

गुलाबी रंग मी उगाच निवडला नव्हता. शर्ली मल्डाउनी यांच्या गाड्या गुलाबी असत. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गाचा परवाना १९७३ मध्ये मिळवणारी ही पहिली बाई. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन वेळा त्या वर्गाची विजेती. १९८४ मध्ये मॉन्ट्रियलजवळ झालेल्या अपघातात पायांचा चुराडा झाला, तरी १९८६ मध्ये पुन्हा त्याच वर्गात गाडी चालवणारी. करड्या प्रायमरवर गुलाबी मळकट दिसतो, म्हणून आधी पांढऱ्याचे दोन हात द्यावे लागतात, आणि श्रावणातल्या दमट हवेत त्यावर धुरकट साय धरली म्हणून मी तो सगळा रंग घासून काढून पुन्हा दिला. एवढे करून, तोंड उघडायची वेळ आली तेव्हा मी ती गाडी एका पुरुषाच्या नावावर करून मोकळी झाले.

खरे सांगायचे, तर मला भीती वाटली ती पुढच्या वाक्याची. "वेळ बरा मिळतो तुला." हे वाक्य वन्संनी उच्चारलेही नव्हते, ते माझ्याच कानात आधीपासून तयार होते. यांनी सियागंजातून तीन वेळा सँडपेपर आणून दिला, पण कशासाठी हवा ते एकदाही विचारले नाही. मुलगा फोनवर "आईचे खेळणे कुठवर आले?" असे विचारतो आणि उत्तराआधी सुनेच्या हाती फोन देतो. गेल्या सव्वीस वर्षांत या घरात माझे असे काय आहे, असा हिशेब मी काल रात्री पडल्या पडल्या मांडायला घेतला, आणि यादीत तिसऱ्या क्रमांकावर पुरणयंत्र आल्यावर मलाच हसू आले व मी उठून बसले.

झोप येईना म्हणून गाडी टेबलावर घेतली. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोपासून आठ प्लगांना जाणाऱ्या आठ तारा आहेत. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडून आणलेली तीस नंबरची तांब्याची तार मी त्यासाठी वापरली. जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी, म्हणजे पंचवीस पट केली की खऱ्या तारेएवढी भरते. मॅग्नेटोच्या टोपीला, जी मसूर डाळीच्या दाण्याहून मोठी नाही, हातड्रिलने आठ भोके पाडली होती. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन असा असतो. भिंग लावून मोजत गेले, तर पाच आणि सात यांच्या तारा एकमेकींच्या जागी. खरे इंजिन असते, तर सुरू करताच भडाभडा फटाके वाजले असते. महिनाभर ही गाडी कपाटात दिमाखाने उभी होती, आणि हे जगात कुणालाही दिसणार नव्हते. मला मात्र त्यानंतर दुसरे काही दिसेना. आणि एक गोष्ट लक्षात आली, की चूक दिसताच "दादाची गाडी" हे शब्द माझ्या मनात आलेसुद्धा नाहीत. चूक मी बिनदिक्कत माझी म्हणून घेतली होती.

आज दुपारी वन्संना फोन केला. म्हटले, "वन्सं, ती गाडी दादाची नाही. मी केली आहे. मुन्नूला देता येणार नाही, हात लावला की मोडेल."

पलीकडे चहा ओतल्याचा आवाज आला. "तुझ्या दादाला गुलाबी रंग कधीपासून आवडायला लागला, असे माझ्या तेव्हाच मनात आले होते," त्या म्हणाल्या. "बरे, मग त्याला एक करून दे. निळी. तुला किती दिवस लागतात?"

मी म्हटले, "आठ महिने."

"इतके?" त्या म्हणाल्या. "आणि पळते किती?"

पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, खरी गाडी सहा सेकंदांच्या आत संपवत असे, असे मी सांगितले. माझ्या मापात ते अंतर सोळा मीटर होते, आमच्या फाटकापासून साधारण तिसऱ्या घरापर्यंत, हे मात्र मी मनातच ठेवले, कारण वन्सं तोवर मुन्नूच्या दाताबद्दल बोलू लागल्या होत्या.

सातव्या प्लगची तार आत्ताच काढली. पाचवीची काढताना टोपीचे भोक थोडे फाटले आहे. ते भरून, वाळवून उद्या पुन्हा पाडावे लागेल.