झेनोफन आणि इराणचे घोडदळ

फोंड्यात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला इराण तसा परका नाही. येथली साफा मशीद १५६० साली आदिलशाहीत बांधली गेली आणि त्या दरबारात फारसीला मोठा मान होता. होर्मुझच्या बंदरातून अरबी आणि इराणी घोडे जहाजांनी गोव्यात उतरवले जात आणि येथून घाट चढून विजयनगरच्या व विजापूरच्या पागांत पोहोचत. सवार, लगाम, जीन, रिकीब, बारगीर, शिलेदार हे आपल्या इतिहासात पानोपानी भेटणारे शब्दही फारसीच्याच वाटेने मराठीत आले. या शब्दांच्या मागे लागूनच मी इराणच्या लष्करी इतिहासाकडे वळलो, आणि पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एका पावसाळ्यात झेनोफन या प्राचीन ग्रीक लेखकाचे इंग्रजी अनुवाद वाचायला बसलो. तेव्हापासून हा लेखक माझ्या मनातून गेलेला नाही.

झेनोफन हा अथेन्सचा, सॉक्रेटिसच्या सहवासातला तरुण. इराणी राजपुत्र धाकटा सायरस याच्याकडे असलेल्या प्रॉक्झेनस नावाच्या मित्राने त्याला बोलावून घेतले, तेव्हा त्याने सॉक्रेटिसला विचारले आणि सॉक्रेटिसने त्याला डेल्फीच्या देवाला विचारण्यास सांगितले. झेनोफनने देवापुढे ‘जाऊ की नको’ हा प्रश्न ठेवलाच नाही. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कोणत्या देवांना पूजा द्यावी, एवढेच त्याने विचारले, आणि परत आल्यावर सॉक्रेटिसची बोलणी खाल्ली. आमच्या देवळांत कौल लावताना उजवी पाकळी पडते की डावी, याकडे श्वास रोखून पाहणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि मनाशी निर्णय आधीच करून कौलाला बसलेला माणूसही त्यांत ओळखू येतो. झेनोफन तसा होता, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

इ. स. पू. ४०१ मध्ये सायरस आपला थोरला भाऊ, सम्राट दुसरा आर्टाझर्क्सीस, याच्यावर चालून गेला. त्याच्या सैन्यात दहा हजारांहून अधिक भाडोत्री ग्रीक होते. बॅबिलोनच्या उत्तरेला कुनाक्सा येथे ग्रीकांनी आपली बाजू राखली, पण सायरस जवळच्या स्वारांनिशी थेट सम्राटावर तुटून पडला आणि मारला गेला. सायरसाबरोबरच्या सहाशे स्वारांच्या डोक्यांवर शिरस्त्राणे होती, त्यांच्या घोड्यांच्या कपाळांना आणि छातीला चिलखत होते, सायरस मात्र उघड्या डोक्याने लढला, हे सारे झेनोफन नोंदवतो आणि ते वाचताना त्याच्यावर विश्वास बसतो. सम्राटाकडे बारा लाख सैन्य होते हा आकडा मात्र शत्रूकडून फुटून आलेल्या लोकांच्या तोंडचा आहे आणि मी तो मानत नाही.

पुढे टिसाफर्नेस या इराणी सुभेदाराने बोलणी करण्याच्या निमित्ताने ग्रीक सेनापतींना तंबूत बोलावून दग्याने पकडले. त्यांत प्रॉक्झेनसही होता. उरलेल्या सैन्याने जे नवे सेनापती निवडले त्यांत झेनोफन आला, आणि या मोहिमेवरच्या त्याच्या ‘अनाबासिस’ या ग्रंथातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा दिवस येथून सुरू होतो. शत्रूकडे घोडदळ आणि आपल्याकडे एकही स्वार नाही म्हणून खचलेल्या शिपायांना त्याने सकाळी सांगितले की दहा हजार स्वार म्हणजे शेवटी दहा हजार माणसेच, घोडा चावल्याने किंवा त्याची लाथ बसल्याने लढाईत कोणी मेलेले नाही, आणि जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला पडण्याची भीती नसते. भाषण उत्तम झाले. त्याच दिवशी मिथ्राडेटीस या इराणी बाजूच्या सरदाराचे स्वार आणि तिरंदाज पिछाडीवर येऊन बाण सोडू लागले, तेव्हा झेनोफनने पायदळानिशी त्यांचा पाठलाग केला. एकही माणूस हाती लागला नाही, आपली माणसे मात्र घायाळ झाली, कारण इराणी स्वार पळता पळता मागे वळून बाण मारत होते. सहकारी सेनापतींनी दोष दिला, तेव्हा तो बरोबर आहे असे त्याने कबूल केले आणि त्याच रात्री उपाय सुचवला. सामानाच्या घोड्यांतून निवड करून पन्नास स्वार उभे राहिले, आणि सैन्यातल्या ऱ्होड्स बेटावरच्या माणसांतून दोनशे गोफणकरी निघाले, ज्यांच्या शिशाच्या गोळ्या इराण्यांच्या मूठभर आकाराच्या दगडांपेक्षा दूर जात. सकाळी घोड्यांना तुच्छ लेखणारा वक्ता रात्री घोडे शोधत होता, आणि वर्षांनंतर लिहिताना त्याने त्यातले काहीही झाकले नाही. स्वतःच्या चुकीची अशी नोंद करणारा सेनापती मला इतिहासात फार थोड्या ठिकाणी भेटला आहे.

इराणी घोडदळाची खरी अडचणही त्यानेच दाखवून दिली. रात्री घोडे दाव्याला बांधलेले आणि बहुधा पायांतही बंध घातलेले असत. अंधारात अचानक हल्ला झाला तर स्वाराला घोड्यावर झूल टाकावी लागे, लगाम चढवावा लागे, स्वतः चिलखत घालून मग वर बसावे लागे. म्हणून इराणी रात्रीचा तळ ग्रीकांपासून साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, दूर टाकत. हे लक्षात घेऊन ग्रीक एकदा रात्रीच निघून गेले आणि पुढचे दोन दिवस शत्रू त्यांना दिसला नाही.

घोड्याविषयी त्याने स्वतंत्र ग्रंथही लिहिला. त्या काळी नाल नव्हते आणि रिकीबही नव्हती. खुरे टणक व्हावीत म्हणून तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल गोटे पसरून त्यांवर घोडा उभा करावा, असे तो सांगतो. आजोबा आमच्या बैलांना पत्री मारून आणत, तेव्हा घरी आल्यावर बैलाचा एकेक पाय उचलून खुराच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहत. तसाच अंगठा मला झेनोफनच्या या पानांवर दिसतो. मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराला, स्वाराचा पाय उचलून ‘इराणी पद्धतीने’ वर चढवता आले पाहिजे, हेही त्याने लिहिले आहे. ज्यांच्याशी लढला त्यांच्याकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

‘सायरोपीडिया’ हा इराणी साम्राज्य उभारणाऱ्या थोरल्या सायरसावरचा त्याचा आठ भागांचा ग्रंथ मात्र इतिहास म्हणून वाचू नये, कारण त्यात त्याने आपल्या मनातला आदर्श राजा रंगवला आहे. शेवटच्या प्रकरणात तो एकदम आपल्या काळात येतो आणि सरदारांनी आचारी, द्वारपाल आणि स्नानगृहातले सेवकसुद्धा स्वार म्हणून भरती करून पगार उचलल्याची तक्रार करतो. त्या चार ओळींत मला सगळ्या आदर्श प्रकरणांपेक्षा अधिक इराण सापडतो.

अथेन्सने त्याला हद्दपार केले, आणि स्पार्टाने ऑलिम्पियाजवळ स्किलस येथे दिलेल्या जमिनीवर तो बरीच वर्षे राहिला. त्याचा मुलगा ग्रिलस इ. स. पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईत अथेन्सच्या घोडदळातून लढताना पडला. बातमी आली तेव्हा झेनोफन डोक्याला माळ बांधून पूजेला बसला होता, असे सांगतात. त्याने माळ काढून ठेवली, आणि मुलगा शौर्याने लढून मेला हे कळल्यावर ती पुन्हा डोक्यावर घातली.