आमची वाटचाल: भिंतीवरून फ्लेक्सवर

वडील सेलू तालुक्यात भिंती रंगवायचे. बियाणं, खत, पाण्याचा पंप. आधी चुन्याचा हात, मग त्यावर निळी अक्षरं. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर पहिली कसोटी झाली त्याच वर्षी, २००८ मध्ये, मी फ्लेक्सचं दुकान टाकलं. मशीनची ऐपत नव्हती. डिझाइन आमचं, प्रिंट वर्ध्याहून यायचं, आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) ठोकणं अन् चौकट बांधणं घरीच.

१२ मार्च २०११ ला जामठ्यात भारत-दक्षिण आफ्रिका सामना होता. महिनाभर आधीपासून ज्याला त्याला वर्ल्डकपच पाहिजे. एका टीव्हीवाल्या सेठनं मोठा फ्लेक्स सांगितला: स्पर्धेचा लोगो, कप, खेळाडूचा फोटो आणि खाली ‘टीव्ही घ्या, तिकीट जिंका’. फ्लेक्स लागला, आणि त्याला माल पुरवणाऱ्या कंपनीचा नागपूरहून फोन आला: आजच उतरवा, आपण प्रायोजक नाही. सेठनं फ्लेक्स उतरवला आणि आमचे उरलेले पैसेही अडवले.

तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला. अधिकृत प्रायोजक मोजतो ते पैसे ‘दुसरा कोणी नाही’ यासाठीच असतात. १९९६ च्या वर्ल्डकपला कोकाकोला अधिकृत होतं, तर पेप्सीनं ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’ म्हणत भाव खाल्ला. प्रायोजक नसताना स्पर्धेच्या नावावर अशी जाहिरात करणं, यालाच अँबुश मार्केटिंग म्हणतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी ब्रिटननं कायदाच केला. ‘गेम्स’, ‘गोल्ड’, ‘समर’ असे साधे शब्दही जाहिरातीत एकत्र आले की अडचण. हे मला अती वाटतं. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. फिलिप्सच्या ‘दिवाली मनाओ, वर्ल्डकप जाओ’ योजनेत तिकिटं बक्षीस होती. ती थांबवायला दिल्ली उच्च न्यायालयानं २००३ मध्ये नकार दिला. लोगोचं मात्र तसं नाही. तो कॉपीराइट आणि ट्रेडमार्कमध्ये येतो, परवानगीशिवाय छापायचा नाही.

आमच्या पोटाचा धंदा तर गावोगावचे टेनिस बॉलचे सामने. पहिलं बक्षीस अमुक कृषी केंद्र, दुसरं तमुक ट्रॅक्टरवाले, मॅन ऑफ द मॅच चहावाल्याकडून. एकदा पहिल्या बक्षिसाच्या कृषी केंद्रवाल्यानं मंडळाला दम भरला, ‘त्या दुसऱ्या केंद्राचा बॅनर मैदानात दिसला तर पैसे परत.’ मंडळानं बॅनर काढून बाहेर रस्त्यावरच्या बाभळीला बांधला. त्यावरही तो कुरकुरला, तर पोरं म्हणाली, ‘भाऊ, रस्ता का तुमच्या बक्षिसात येते?’ माझं मतही तेच. दोरीच्या आत ज्यानं पैसे भरले त्याचं राज्य, बाहेर नाही.

दुकानात आता ठरलेलं आहे: बॅट, स्टम्प, तिरंगी पट्टा, ‘सामन्याच्या दिवशी भजे अर्ध्या भावात’, खुशाल छापून घ्या. लोगो, कप, खेळाडूचा फोटो नाही. २०२५ मध्ये विदर्भानं जामठ्यातच केरळला मागं टाकून तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा ‘अभिनंदन विदर्भ’चे फ्लेक्स रात्री उशिरापर्यंत कापत होतो. एक सोनार कर्णधाराच्या फोटोशेजारी आपलं दुकान टाक म्हणून अडून बसला. ‘कोण पाहते बापा इथं?’ मी नाही म्हटलं. तो ऑर्डर घेऊन वर्ध्याला गेला, आणि लग्नाच्या बॅनरसाठी पुढच्या महिन्यात परत आला.