मालकाचे वीस हजार, कामगाराचे तेरा

५ जून, रात्री. हिंगणा एमआयडीसी, नागपूर.

पगारपत्रकाचा आठवडा आला की कारखानदारांच्या बोलण्यात एकच विषय असतो: माणूस टिकत नाही. ऑर्डरची शाश्वती नाही, पत्र्याचा भाव कधी वर तर कधी खाली, आणि त्यात वेल्डर सांगून-न सांगून शेजारच्या प्लॉटवर निघून जातो. माझं मत पक्कं आहे. बाजार कोणाच्याच हातात नाही. पण पगाराची तारीख, ओटीचा (जादा तासांच्या कामाचा) दर आणि रजेचा शब्द मालकाच्या हातात आहे. माणूस थांबतो तो बहुतेक वेळा या तीन गोष्टींवर. तेच आज नीट आकड्यांसह मांडून ठेवतो.

हिशोबासाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरू. मालकाचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८००. पीएफचं प्रशासकीय शुल्क आणि त्यासोबतच्या विम्याचे अर्धा-अर्धा टक्का, मिळून १५०. ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) ३.२५ टक्के, ४८८. बोनस ८.३३ टक्क्यांनी महिन्याला साधारण १,२५०. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायच्या रकमेची) तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे ७२१. बेरीज १९,४०९. त्यात सेफ्टी बूट, हातमोजे, गॉगल धरले की झाले वीस हजार. आता कामगाराच्या बाजूने पाहू. १५,००० मधून पीएफ १,८००, ईएसआय ११३, व्यवसाय कर २०० गेले की हातात १२,८८७. (महिला कामगारांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तो चुकून कापला जात नाही ना, हे तपासायचं.)

या दोन आकड्यांच्या मधल्या सात हजारांत माणसं सुटतात. बाहेर ठेकेदार १४,००० रोख म्हणतो. पोराला दिसतात ते अकराशे रुपये जास्त, आणि त्याचा राग धरण्यात अर्थ नाही, कारण बाकीचं त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. त्याचे १,८०० आणि मालकाच्या वाट्यातले ५५० असे महिन्याला २,३५० त्याच्या पीएफ खात्यात पडतात. वर्षाचे २८,२००, वर व्याज. उरलेले १,२५० पेन्शनकडे जातात; दहा वर्षं सेवा भरली की पेन्शनचा हक्क लागतो. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि नागपुरातल्या 'सोमवारी पेठ' भागातल्या कामगार विमा रुग्णालयात घरच्यांचाही इलाज होतो. हे भाषणात सांगून उपयोग नाही. त्याच्याच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून त्याचा आकडा त्याला दाखवायचा, आणि तो सोडायच्या गोष्टी करायला लागल्यावर नाही, तर पहिल्या तीन महिन्यांतच.

पासबुक उघडत नसेल तर दोष बहुधा पहिल्या दिवसाचा असतो. आधारवर नाव एक, बँकेत दुसरं, जन्मतारखेत फरक, जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असताना नवा काढलेला. मग पैसे दोन-तीन खात्यांत विखुरतात, बदलीचा अर्ज फेटाळला जातो आणि माणूस म्हणतो, "पीएफचा पैसा बुडते." रुजू होताना आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान आणि जुना यूएएन समोरासमोर ठेवून अक्षर-अक्षर जुळवायला पंधरा मिनिटं लागतात. ती द्यावीत.

एकोणीस माणसांवर थांबणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. विसावा माणूस घेतला की पीएफ लागतो, म्हणून बरेच जण एक-दोन नावं कागदावर आणत नाहीत. पण कागदावर नसलेल्या माणसाला बांधून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि मशीनवर त्याचं बोट गेलं तर सगळा खर्च मालकावर येतो. ईएसआय तर दहा माणसांपासूनच आहे. एकदा पीएफ लागू झाला की संख्या वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही, हेही आधीच समजून घ्यावं.

पगाराची तारीख. पुढच्या महिन्याच्या सातपर्यंत पगार द्यायचा हा कायदा आहे, पण बिलं साठ-साठ, नव्वद-नव्वद दिवसांनी सुटतात. लघुउद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो. मोठ्या गिऱ्हाइकाला तो दाखवायची हिंमत सगळ्यांना होत नाही, हे खरं आहे. म्हणून पगाराचा राखीव पैसा वेगळ्या खात्यात हवा. बावीस माणसं असतील तर महिन्याचे ४ लाख ४० हजार, दोन महिन्यांचे ८ लाख ८० हजार. एकदम जमणार नाहीत. प्रत्येक सुटलेल्या बिलातून पाच टक्के बाजूला टाकत गेलं की जमतात. पगार एकदा वीस तारखेला गेला की चांगला फिटर दुसरीकडे फोन लावायला लागतो. तो लगेच जात नाही. दोन महिन्यांनी जातो, आणि तेव्हा कारण कोणाला आठवत नाही.

नवा माणूस घ्यावा की ओटीवर भागवावं? कायद्याने ओटी दुप्पट दराने. १५,००० भागिले २६ दिवस भागिले ८ तास म्हणजे तासाला ७२ रुपये, दुप्पट १४४. चौघांनी रोज दोन-दोन तास जास्त केले की एका माणसाचं काम होतं आणि रोजचे १,१५४ लागतात. नवा माणूस रोज ७६९ ला पडतो. फरक ३८५, महिन्याला दहा हजार. हे दहा हजार वाया जात नाहीत. ऑर्डर टिकेल का हे कळेपर्यंत कोणालाही कायमचा शब्द न देण्याची ती किंमत आहे. दोन-तीन महिने ती मोजावी. त्यापुढेही काम तसंच राहिलं तर माणूस घ्यावा, कारण तोवर ते चौघे थकलेले असतात आणि रिजेक्शन (नापास होणारा माल) वाढायला लागतं. घेण्याआधी त्याचा तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे साठ हजार, बाजूला निघतो का तेवढं पाहावं.

निवड करताना मुलाखतीपेक्षा हातातलं काम पाहावं. ठिय्यावरून (मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून) आलेला असो की आयटीआयचा, वेल्डरला सहा मिलिमीटर जाडीच्या, शंभर मिलिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या द्यायच्या. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट, ३.१५ मिलिमीटरचा रॉड, जोड उभा. करंट त्यालाच लावू द्यायचा. ९० ते ११० अँपिअरच्या आसपास आपणहून आला तर त्याने हे काम केलेलं आहे. फट मोजल्याशिवाय टाका मारतो का, पहिला पास (थर) मारून स्लॅग, म्हणजे वर जमलेली मळी, नीट काढतो का, हे बघायचं. मग जोड व्हाइसमध्ये धरून वाकवायचा. मुळाशी चीर गेली तर आत वितळलं नव्हतं. बारीक छिद्रं दिसली तर आधी रॉड ओला होता का ते तपासावं. पावसाळ्यात डब्यातल्या ओल्या रॉडपायी चांगले हात नापास होतात. चाचणीच्या दिवसाची मजुरी द्यावी, माणूस घेतला नाही तरी. ठिय्यावर ती बातमी त्याच संध्याकाळी पोचते.

नेमणूकपत्राचं एक बरं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि आता ते प्रत्येकाला द्यावंच लागतं. काम हंगामी असेल तर मुदतीचं पत्र द्यावं, अकरा महिने किंवा वर्ष असं साफ लिहून. अशा माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागते, ती हिशोबात धरावी. भत्ते फुगवून पीएफ वाचवण्याची वाटही अरुंद झाली आहे: भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

रजा. भंडारा-गोंदियाची, बालाघाटची पोरं जुलैत रोवणीला (भाताच्या लावणीला) आणि दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला जाणारच. त्यांना अडवलं की ती न सांगता जातात, आणि परत यायची लाज वाटते म्हणून दुसरीकडे लागतात. जूनमध्येच भिंतीवर तक्ता लावावा, एका मशीनवरचे दोघे एकाच आठवड्यात जाणार नाहीत एवढीच अट घालावी, आणि परतीची तारीख ज्याची त्याने स्वतः लिहावी. जाताना उचल मागतात. ती पगाराच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. मोठी उचल फेडायला नको म्हणूनही माणूस परत येत नाही.

मंदी आलीच तर क्रम असा: आधी ओटी बंद, मग बाहेर दिलेलं काम आत आणायचं, मग साठलेल्या रजा, मग मशीनची राहिलेली दुरुस्ती आणि हेल्परला लेथवर उभं करणं. छाटणी शेवटी. वर्षभर सलग काम केलेल्याला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. पूर्ण वेतन आता दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखही त्याच आठवड्यात भरावी. ती राहिली की त्या माणसाला आपलेच पैसे काढायला अडचण येते, आणि काम परत वाढल्यावर त्याला बोलवायला फोन लावायचं तोंड राहत नाही.